फ्रियर नावाची माणसं

कसाऱ्याला गाडीमागे बँकर इंजिनं लागतात आणि इगतपुरीला सुटतात. मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्याला या थांब्याचं महत्त्व बहुधा चहा-वड्यापुरतंच असतं. पण बँकर लावावे लागतात ते घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे म्हणून. जवळजवळ साडेनऊ मैलांत गाडी ९७२ फूट वर चढते. पहिल्यांदा हा मार्ग बांधला तेव्हा त्यावर १३ बोगदे होते, ६ मोठे पूल होते आणि त्यांतला एहेगावचा पूल दरीच्या तळापासून १८२ फूट उंच होता. १ जानेवारी १८६५ रोजी हा थळ घाट वाहतुकीला खुला झाला. ज्याने तो आखला तो मुख्य अभियंता जेम्स बर्कली त्याआधीच, १८६२ मध्ये, वारला होता. फत्तर फोडणाऱ्या मजुरांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. कागदोपत्री जे नाव आलं ते त्या वेळच्या मुंबईच्या गव्हर्नराचं, सर बार्टल फ्रियरचं. त्याआधी २१ एप्रिल १८६३ रोजी खंडाळ्याला बोरघाटाचं उद्घाटनही त्यानेच केलं होतं. सह्याद्रीचे दोन्ही रेल्वेघाट एकाच गव्हर्नराच्या कारकिर्दीत खुले झाले.

आज महाराष्ट्रात फ्रियर हे नाव सहसा कुणाच्या तोंडी नसतं. एल्फिन्स्टन, सँडहर्स्ट, विल्सन ही नावं निदान स्टेशनांमुळे आणि महाविद्यालयांमुळे लोकांना ठाऊक होती. फ्रियरच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. पण या आडनावाच्या माणसांनी उद्योग इतके करून ठेवले आहेत, आणि त्यांतले इतके आपल्या नाशिक-पुण्याच्या वाटेवरचे आहेत, की एकदा माग काढायला बसलं की उठवत नाही.

आडनाव मूळ फ्रेंच. अकराव्या शतकात नॉर्मन लोक इंग्लंडात उतरले आणि राज्याबरोबर त्यांची भाषाही रुजली. ‘भाऊ’ किंवा मठातला ‘बंधू’ या अर्थाचा शब्द तिथे आडनाव म्हणून चिकटला. इंग्रज त्याचा उच्चार ‘फ्रियर’ करतात, फ्रान्स-बेल्जियमवाले ‘फ्रेर’. म्हणजे हे एक घराणं नव्हे. एकच आडनाव लावणारी, एकमेकांशी नातं नसलेली पुष्कळ घराणी आहेत. आपल्याकडे कुलकर्णी सगळे एकाच घरातले नसतात, तसंच हे. आपल्याला काम आहे ते इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉर्फोक-सफोक भागातल्या फ्रियरांशी. रॉयडन गावात त्यांचा वाडा होता, शेतीवाडी होती, पार्लमेंटात अधूनमधून जागा होती. खाऊनपिऊन सुखी, लिहिण्या-वाचण्याची आवड असलेले जमीनदार.

त्यांच्यातला पहिला दखलपात्र माणूस जॉन फ्रियर. १७४० साली जन्मलेला. सफोकमध्ये हॉक्सन नावाचं गाव आहे. तिथे विटांसाठी माती खणणाऱ्या मजुरांना सुमारे बारा फूट खोल गारगोटीचे विचित्र तुकडे सापडायचे. दोन्ही बाजूंनी छिलून टोक काढलेले, हातात बसतील असे. मजूर ते टोपल्यांनी भरून रस्त्यातले खड्डे बुजवायला वापरत होते. जॉन फ्रियरने ते पाहिले आणि १७९७ मध्ये लंडनच्या पुराणवस्तूंच्या मंडळाला पत्र लिहिलं. ही माणसाने घडवलेली हत्यारं आहेत, ज्यांना धातू ठाऊक नव्हता अशा लोकांची आहेत, आणि ज्या थरात ती सापडतात तो पाहता त्यांचा काळ कल्पनेपलीकडे मागे न्यावा लागेल, असं त्याचं म्हणणं होतं. वर वाळू, त्यात शिंपले, एका प्रचंड अनोळखी प्राण्याची हाडं, आणि त्या सगळ्याच्या खाली ही हत्यारं. कोणता थर कुठे आणि किती जाड, हे त्याने क्रमाने नोंदवलं होतं.

त्या काळी बायबलावरून हिशेब करून पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं सांगितलं जायचं. मंडळाने पत्राबद्दल आभार मानले, ते छापलं, हत्यारं कपाटात ठेवली आणि विषय मिटला. पुढे साठ वर्षं कोणी त्याकडे पाहिलं नाही. १८५९ मध्ये प्रेस्टविच आणि इव्हान्स हे दोघे इंग्रज अभ्यासक फ्रान्समधली अशीच हत्यारं पाहून परतले, त्या कपाटातल्या वस्तू पुन्हा डोळ्यांसमोर आल्या, आणि मग सगळ्यांना कळलं की सफोकच्या एका जमीनदाराने हे आधीच सांगून ठेवलं होतं. हॉक्सनचे ते थर आज सुमारे चार लाख वर्षांपूर्वीचे मानले जातात. जॉन फ्रियरला हे वय ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पण हत्यार महत्त्वाचं नाही, ते ज्या थरात सापडलं तो थर महत्त्वाचा, हे त्याला कळलं होतं. उत्खननशास्त्र अजूनही याच एका गोष्टीवर उभं आहे.

जॉनचा थोरला मुलगा जॉन हूकम फ्रियर कवी निघाला, आणि वर मुत्सद्दी. मुत्सद्देगिरीत त्याने सपाटून मार खाल्ला. १८०८ मध्ये तो स्पेनमध्ये ब्रिटनचा वकील होता. नेपोलियनच्या फौजा चालून येत असताना त्याने सेनापती मूरला माद्रिदकडे सरकण्याचा आग्रह केला, मूरला कोरुन्याच्या बंदराकडे जीव घेऊन पळावं लागलं, मूर तिथे मारला गेला आणि फ्रियरला माघारी बोलावण्यात आलं. त्याने मग सरकारी नोकरीला कायमचा रामराम ठोकला, माल्टा बेटावर बिऱ्हाड केलं आणि ॲरिस्टोफेनिसची ग्रीक प्रहसनं इंग्रजीत आणण्यात उरलेलं आयुष्य घालवलं. अनुवाद इतके खेळकर झाले की आजही त्यांचं नाव निघतं. त्याने १८१७ मध्ये इटालियन वळणाच्या आठ ओळींच्या कडव्यांत एक थट्टेखोर काव्य लिहिलं. ते वाचून बायरनला छंद सापडला आणि त्याच घडणीत पुढे ‘डॉन जुआन’ जन्माला आलं. छंद घरी आणला फ्रियरने, नाव झालं बायरनचं.

याच काकाच्या घरी १८३४ मध्ये एकोणीस वर्षांचा एक पुतण्या येऊन थांबला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी मुंबईला निघालेला हेन्री बार्टल फ्रियर. सगळे उमेदवार आफ्रिकेला वळसा घालून जहाजाने येत. याने इजिप्तमधून खुश्कीची वाट धरली. वाळवंट ओलांडून तो तांबड्या समुद्रावर पोचला, तिथून उघड्या होड्यांतून मोखा बंदराला आणि पुढे हजच्या यात्रेकरूंनी भरलेल्या अरबी गलबतातून मुंबईला आला. पहिली नेमणूक पुण्याला. त्या वेळी महसूल वसुलीत खालच्या अंमलदारांकडून रयतेचा छळ होत असल्याच्या तक्रारी होत्या. गोल्डस्मिड या अधिकाऱ्याच्या हाताखाली त्या चौकशीचं काम करत तो गावोगाव हिंडला, मराठी शिकला.

१८४८ मध्ये तो साताऱ्याला रेसिडेंट असताना छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केला. फ्रियरने वर कळवलं होतं की वारसाच्या हक्काचा विचार झाला पाहिजे. ते कोणी ऐकलं नाही. आणि मग खालसा झालेल्या त्याच मुलखाचा कमिशनर म्हणून फ्रियरचीच नेमणूक झाली. त्याने ती घेतली. बार्टल फ्रियर समजून घ्यायचा तर हा एक प्रसंग पुरे आहे. न्यायाची बाजू कागदावर स्वच्छ मांडायची, आणि वरून हुकूम आला की उलट बाजूचं काम तितक्याच चोखपणे करायचं.

पुढे तो सिंधचा कमिशनर झाला. भारतीय उपखंडातली पहिली चिकटवायची टपाल तिकिटं १८५२ मध्ये त्यानेच सिंधमध्ये काढली. कराचीतला फ्रियर हॉल त्याच्या नावाचा, १८६५ चा. त्याच्या छतावर पुढे सादिकैन या चित्रकाराने काम केलं. कराचीकरांनी हे नाव बदललेलं नाही, याची इथे नोंद करून ठेवतो.

१८६२ ते १८६७ ही मुंबईची गव्हर्नरी. ही पाच वर्षं मुंबईच्या इतिहासात वेड लागल्यासारखी आहेत. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्या कापसासाठी वाटेल तो भाव दिला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. थळ घाटातून वऱ्हाड-खानदेशचा कापूस खाली उतरवण्याची घाई या भावामुळेच होती. फ्रियरने किल्ल्याचे तट पाडायला लावले, रस्ते रुंद केले, सरकारी इमारतींचा सपाटा लावला. १८६४ मध्ये शहराची पहिली मोठी खानेसुमारी करवली. माणसं भरली ८,१६,५६२. अमेरिकेतली यादवी १८६५ मध्ये संपली, कापूस कोसळला, शेअरबाजार बुडाला, आणि सरकारचा हिस्सा असलेली बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. बँक बुडत असताना गव्हर्नर काय करत होता, हा प्रश्न इंग्लंडात विचारला गेला. उत्तर समाधानकारक नव्हतं.

पुण्यात गणेशखिंडीला गव्हर्नरासाठी प्रासाद बांधायला त्यानेच १८६४ मध्ये सुरुवात केली. पैसा आटल्यावरही बांधकाम थांबलं नाही. इमारत पुरी झाली १८७१ मध्ये, तोवर तो केव्हाच निघून गेला होता. खर्चावरून मात्र त्याचं नाव बरंच गाजलं. ती इमारत म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. उधळपट्टी म्हणून शिव्या खाल्लेलं बांधकाम शेवटी शिक्षणाच्या कामी आलं. जमाखर्च कसा मांडायचा ते ज्याने त्याने ठरवावं.

१५ ऑक्टोबर १८६४ रोजी फ्रियरने येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या इमारतीची कोनशिला बसवली. इथे आजोबांकडे वळायला हवं, कारण हॉक्सनची हत्यारं ओळखणारा जॉन फ्रियर हा बार्टलचा सख्खा आजोबा. नातवाने पाया घातलेल्या इमारतीत १९३९ मध्ये संशोधन संस्था सुरू झाली, तिथे ह. धी. सांकलिया आले, आणि भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास मुख्यतः तिथून उभा राहिला. सांकलियांनी गोदावरीच्या काठावर, नाशिकच्या वरच्या अंगाला गंगापूरजवळ, नदीच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांतून काळ्या फत्तराची हत्यारं शोधून काढली. हातकुऱ्हाडी, फरशा. १९५२ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. तोपर्यंत महाराष्ट्राच्या काळ्या दगडात आदिमानवाच्या खुणा फारशा नसाव्यात असाच समज होता. गारगोटी फुटते तेव्हा काचेसारखी धार येते. काळा फत्तर ओबडधोबड फुटतो, झिजतो, आणि हत्यार आहे की नुसता दगड हे ओळखायला सरावलेली नजर लागते. गंगापूरच्या थरांतून सांकलियांनी जे काम केलं ते हॉक्सनच्या खाणीत जॉन फ्रियरने केलेल्या कामाच्याच जातीचं. थर आधी, हत्यार नंतर. हा योगायोग कुणी आखलेला नव्हता. कोनशिला बसवताना बार्टलच्या डोक्यात आजोबा असतील असं मला मुळीच वाटत नाही.

बार्टलची थोरली मुलगी मेरी. आई इंग्लंडला गेलेली, म्हणून १८६५-६६ च्या हिवाळ्यात वडिलांच्या दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यात पाहुण्यांची ऊठबस मेरीकडे आली. वय विशीचं. शेकडो माणसांचा तळ, तंबू, हत्ती-उंट, आणि गोऱ्या बायकांत ती एकटीच. दुपारी करमेना म्हणून तिने आपल्या आयाला गोष्टी सांगायला लावल्या आणि त्या लिहून घेतल्या. १८६८ मध्ये लंडनमध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघालं. त्यात चोवीस गोष्टी आहेत. सांगणाऱ्याच्या तोंडून गोळा करून इंग्रजीत छापलेला भारतीय लोककथांचा हा पहिला संग्रह मानला जातो.

त्या आयाचं नाव अ‍ॅना लिबेराता डिसूझा. तिचं नाव आपल्याला ठाऊक आहे, याचं श्रेय मेरीला द्यायलाच हवं. त्या काळी नोकराचाकरांकडून ऐकलेल्या गोष्टी साहेब लोक सर्रास स्वतःच्या नावावर खपवत. मेरीने अ‍ॅनाची हकिगत तिच्याच बोलण्याच्या ढंगात पुस्तकाच्या सुरुवातीला छापली. घराणं मुळात लिंगायत, कालिकतकडचं. गोव्याजवळ येऊन राहिलं आणि आजोबांच्या काळात ख्रिस्ती झालं. आजोबा पलटणीत हवालदार. खडकीच्या लढाईच्या आठवणी घरात होत्या. आजी शंभरीपार जगली, आणि गोष्टी त्या आजीच्या. अ‍ॅनाला नवरा वारल्यावर मुलांसाठी आयाची नोकरी धरावी लागली. तरुण मुलगा पुण्यात नदीत बुडून गेला. पूर्वी स्वस्ताई होती, आता काही परवडत नाही, अशी कुरकूरही ती करते, आणि तीसुद्धा गव्हर्नराच्या मुलीपाशी. त्या पुस्तकातला मला सगळ्यांत खरा वाटणारा भाग हाच आहे.

गोष्टींतली नावं वाचली की मराठी माणसाला हसू येतं, इतकी ती घरची आहेत. सूर्याबाई, शेवंतीबाई, पंचफुला राणी, चंदन राजा. एक भित्रा, दारुडा कुंभार केवळ चुकून शूर ठरतो. एका मांत्रिकाचा जीव दूरच्या जंगलात पिंजऱ्यातल्या पोपटात असतो. आपल्याकडे ही गोष्ट प्रत्येक आजीला येते. पण इंग्रजी वाचणाऱ्या पंडितांपर्यंत ती पोचली अ‍ॅनाच्या तोंडून. जेम्स फ्रेझरने ‘गोल्डन बाऊ’ या आपल्या जाडजूड ग्रंथात, माणसाचा जीव शरीराबाहेर ठेवण्याच्या कल्पनेची जगभरची उदाहरणं देताना, या मांत्रिकाला मानाचं पान दिलं. पुस्तकाची चित्रं काढली मेरीच्या बहिणीने, प्रस्तावना लिहिली वडिलांनी. प्रस्तावना जड आहे, ती टाळून थेट अ‍ॅनाकडे गेलात तरी काही बिघडत नाही.

आता नाशिकची गोष्ट. ती नाशिकमध्येही फार कमी लोक सांगतात. नाशिकला शरणपूर नावाची वस्ती चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस याने १८५४-५५ च्या सुमारास वसवली. आज शरणपूर रोड म्हणतात तोच परिसर. ब्रिटिश आरमाराची जहाजं अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडत आणि सोडवलेली आफ्रिकी माणसं मुंबईला उतरवत. त्यांतल्या अनेक मुलांची रवानगी शरणपूरच्या शाळेत व्हायची. तिथे त्यांना अक्षरओळख आणि धर्म यांच्याबरोबर सुतारकी, लोहारकी शिकवत. आई-बाप, गाव, भाषा सगळं मागे टाकून आलेली ही पोरं गोदाकाठी वाढली.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या सफरीच्या तयारीसाठी मुंबईत होता. गव्हर्नर फ्रियरचा तो पाहुणा. थळ घाटातली रेल्वे त्याच वर्षी सुरू झाली होती. त्याने शरणपूरला जाऊन नऊ मुलं निवडली. जानेवारी १८६६ मध्ये ही ‘नासिक बॉइज’ त्याच्याबरोबर मुंबईहून झांझिबारकडे निघाली. लिव्हिंग्स्टनचं त्यांच्याशी जमलं नाही, दैनंदिनीत तो त्यांच्या नावाने खडे फोडतो. १८७२ मध्ये मदत म्हणून आणखी काही जण धाडले गेले, त्यांत जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन होते. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारला. त्याच्या सोबत्यांनी, त्यांतल्या चुमा आणि सुसी या दोघांच्या पुढाकाराने, त्याचं शव उन्हात वाळवलं, काळीज तिथेच एका झाडाखाली पुरलं, आणि कलेवर शेकडो मैल खांद्यावरून समुद्रापर्यंत आणलं. त्या झाडावर इंग्रजीत लेख कोरणारा आणि पुरताना प्रार्थना वाचणारा वेनराइट, नाशिकला शिकलेला. तोच शवाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा लावणाऱ्या मानकऱ्यांत त्याची गणना झाली. अशा शोधसफरींच्या पाठीशी असणाऱ्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचा त्या वेळचा अध्यक्ष कोण? सर बार्टल फ्रियर.

फ्रियर नुकताच झांझिबारहून परतला होता. गुलामांचा व्यापार बंद करण्याचा तह सुलतान बरगशच्या गळी उतरवायला सरकारने त्याला धाडलं होतं. सुलतान त्याच्यासमोर बधला नाही. तो गेल्यावर १८७३ च्या जूनमध्ये तिथला ब्रिटिश वकील जॉन कर्क याने तह करून घेतला. पण सोडवलेल्या माणसांसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वस्ती हवी, ही फ्रियरची सूचना मिशनने उचलली. शरणपूरवाला प्राइसच १८७५ मध्ये मोंबासाला गेला, जमीन घेतली, वस्तीला नाव दिलं फ्रियर टाऊन. तिथे शिक्षक, कारागीर, उपदेशक म्हणून पुढे आली ती नाशिकची मुलं, ज्यांना तिकडे ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत. जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर. गुलामांचे व्यापारी दिसले की वाजवायची घंटा तिथे एका कमानीवर टांगलेली होती. त्या नाक्याला अजून केंगेलेनी म्हणतात, स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. फ्रियरटाऊन हा आजच्या मोंबासाचा गजबजलेला भाग आहे. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासालाच स्थायिक झाला आणि १९३५ मध्ये वारला.

हा माणूस इथेच थांबला असता तर! १८७७ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर झाला. तिथल्या वसाहतींचं एक संयुक्त राज्य करायचं त्याच्या मनात होतं आणि मध्ये झुलूंचं स्वतंत्र राज्य होतं. डिसेंबर १८७८ मध्ये त्याने राजा सेत्श्वायोला असं निर्वाणीचं पत्र दिलं की ते मान्य करणं म्हणजे राज्य सोडून देणं. लंडनने युद्ध नको म्हणून सांगितलं होतं. २२ जानेवारी १८७९ रोजी इसान्डल्वानाला झुलूंनी ब्रिटिश छावणीचा फडशा पाडला. ब्रिटिशांच्या बाजूची तेराशेहून अधिक माणसं पडली. पुढे झुलू हरले, त्यांचं राज्य मोडलं, हजारो मेले. १८८० मध्ये फ्रियरला परत बोलावलं. काकाचं जे १८०९ मध्ये झालं तेच पुतण्याचं, फक्त किंमत मोजणारी माणसं कितीतरी अधिक. १८८४ मध्ये तो वारला. साताऱ्याच्या वारसाची कैफियत लिहिणारा आणि झुलूंना निर्वाणीचं पत्र लिहिणारा हात एकच होता. चरित्रकारांनी दोन्ही एकाच चांगुलपणात बसवण्याची खटपट केली आहे. ती मला पटत नाही.

घराण्याची दगडांची आवड मात्र टिकली. शेपर्ड फ्रियरने विसाव्या शतकात व्हेर्युलेमियम या रोमन नगराचं उत्खनन केलं, रोमन ब्रिटनवर प्रमाणग्रंथ लिहिला आणि तो ९८ वर्षं जगला. त्याहून मोठं नाव मेरी लीकीचं. तिची आई फ्रियर घराण्यातली, जॉन फ्रियरच्या वंशातली. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत १९५९ मध्ये तिला आदिमानवाच्या एका प्रजातीची कवटी सापडली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस लाएतोलीला सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीच्या, दोन पायांवर चालणाऱ्यांच्या पाऊलखुणा. ज्वालामुखीच्या ओल्या राखेवर उमटलेल्या. आजोळचा वारसा म्हणायचा तर हा.

फ्रेंच उच्चाराचे ‘फ्रेर’ थोडक्यात सांगतो, कारण त्यांचा या कुळाशी संबंध नाही. एदुआर आणि तेओदोर हे दोघे भाऊ एकोणिसाव्या शतकातले चित्रकार. एक गरीब घरातली मुलं रंगवायचा, दुसरा इजिप्त. बेल्जियममध्ये वॉल्थेर फ्रेर-ऑर्बान पंतप्रधान झाला, अल्बेर फ्रेर घरच्या खिळ्यांच्या धंद्यातून अब्जाधीश झाला, आणि पॉल फ्रेर हा मोटारींचा पत्रकार १९६० मध्ये फेरारी चालवून ले माँची चोवीस तासांची शर्यत जिंकला. समीक्षकाने प्रत्यक्ष मैदानात उतरून जिंकल्याचं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही. सगळ्यांत विलक्षण जनरल ओबेर फ्रेर. १९४० मध्ये द गॉलला त्याच्या गैरहजेरीत मृत्युदंड देणाऱ्या लष्करी न्यायालयाचा तो अध्यक्ष. नंतर तोच जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लष्करी संघटनेचा प्रमुख झाला, पकडला गेला आणि १९४४ मध्ये छळछावणीत मेला.

बार्टल फ्रियरच्या नावाच्या खुणांचं पुढे काय झालं? मुंबईत किल्ल्याच्या चर्चगेटच्या जागी १८६० च्या दशकात कारंजं उभं राहिलं ते त्याच्या नावाने ओळखलं जायचं. लोकांनी वर उभ्या असलेल्या रोमन देवीचं नाव उचललं आणि ते फ्लोरा फाउंटन झालं. शेजारचा चौक संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचा, हुतात्मा चौक. गोदीलगतच्या फ्रियर रोडला गोदी कामगारांचे नेते पी. डिमेलो यांचं नाव मिळालं, आणि त्या रस्त्यावर त्यांच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचा नव्हताच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड राज्याचं सर्वोच्च शिखर माउंट बार्टल फ्रियर, उंची सुमारे १,६११ मीटर. इगतपुरीच्या अंगणातलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे आपली बाई ३५ मीटरने वरचढ. तिथल्या मूळ रहिवाशांचं त्या डोंगराला स्वतःचं नाव आहे, चूरीचिलम.

आणि एक खूण सह्याद्रीत आहे. मुंबई इलाख्याचा वनाधिकारी निकोल डालझेल याला जुन्नरच्या बाजूला कड्याच्या कपारीत एक मांसल खोडाची, जमिनीलगत पसरणारी वनस्पती सापडली. रुईच्या कुळातली. या गटातल्या तिच्या भाऊबंदांना पानं जवळपास नसतातच, नुसती निवडुंगासारखी खोडं. हिला मात्र पावसाळ्यात चांगली पानं येतात आणि उन्हाळ्यात झडतात. फूल दोनेक सेंटीमीटरचं, पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखं, गर्द तांबूस, त्यावर पिवळे ठिपके. डालझेलने १८६५ मध्ये, म्हणजे थळ घाट खुला झाला त्याच वर्षी, तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि गव्हर्नराच्या नावाने एक नवी प्रजातीच मांडली: फ्रेरिया इंडिका. मराठीत तिला शिंदळ माकुडी म्हणतात. ती जगात फक्त महाराष्ट्रात, शिवनेरी आणि पुरंदरजवळचा वज्रगड अशा मोजक्या कड्यांवर उगवते आणि धोक्यात असलेल्या वनस्पतींच्या यादीत तिचं नाव बरीच वर्षं आहे. युरोपातल्या हौशी लोकांच्या कुंड्यांत ती सुखाने वाढते, अवघड आहे ते इथल्या कपारीत टिकणं: वणवे, चरणारी गुरं, दरडी, आणि आता मुळासकट उपटून नेणारे संग्राहक. पुढच्या शास्त्रज्ञांनी तिची तपासणी करून ‘फ्रेरिया’ ही स्वतंत्र प्रजाती काढून टाकली, तिला आधी कॅराल्युमा आणि मग बूसेरोसिया यांच्यात घातलं, आणि फ्रियरला पहिल्या नावावरून दुसऱ्या नावावर उतरवलं: बूसेरोसिया फ्रेराय. पावसाळा सरताना शिवनेरीला गेलात तर फूल दिसण्याची शक्यता आहे. कड्याच्या बाजूला वाकू नका, आणि दिसलंच तर जागा कुणाला सांगू नका.